थरथर वजा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या संस्थेचे संचालक साहेब. त्यांच्या उजव्या हाताला बसलेले प्रसिद्धी विभागाचे प्रमुख, ज्यांना आपण सगळे प्रेमाने आणि त्यांच्यादेखत माइकराव म्हणतो, ते आपले स्नेही. रेषा काढणारे आणि प्रोग्राम लिहिणारे अशा दोन्ही बाजूंचे माझे सहकारी बंधुभगिनी. आणि जिच्यासाठी आपण आज इथे खुर्च्या मांडल्या आहेत ती, पहिल्या रांगेत पुष्पगुच्छ मांडीवर घेऊन अवघडून बसलेली आपली सूनबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिलेली आहेत. माझं काम सॉफ्टवेअरमधल्या बटणांवर शब्द लिहिण्याचं. एका बटणावर दोन शब्द मावतात, फार तर तीन. तेव्हा ही बाई थोडक्यात बोलेल असा संयोजकांचा समज झाला असावा. पण दिवसभर दोन-दोन शब्दांत बोलणाऱ्या माणसाच्या पोटात किती शब्द साठून राहत असतील, याचा विचार त्यांनी केलेला दिसत नाही. असो. अध्यक्ष महाराज, लांबलं तर घड्याळ दाखवा, मी राग मानणार नाही.

निरोपाच्या सभेत माणसाचं कौतुक करायचं असतं. सूनबाई हुशार होत्या, मनमिळाऊ होत्या, वेळेवर येत होत्या, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगून झालं. माझ्या टेबलाला त्यांचं टेबल चिकटून आहे. चिकटून होतं म्हणायला हवं आता. त्यामुळे मला जे दिसलं तेवढंच मी सांगणार आहे. आणि यापुढे 'त्या' म्हणणं मला जमायचं नाही. मी आपली 'ती' म्हणते.

नव्या लोकांना प्रश्न पडतो की हिला सूनबाई का म्हणतात. ही कामावर लागली तेव्हा संध्याकाळी सहाच्या ठोक्याला उठायची. काम अडलेलं असो, साहेब बोलत असोत, ही उठली. कुणी विचारलं तर म्हणायची, "सासूबाई वाट बघत असतील." आम्ही आपले हळहळलो. एवढी शिकलेली मुलगी आणि घरी केवढा हा धाक! आमच्यातल्या एकीने तर तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, काही त्रास असेल तर बोल." त्यावर ही म्हणाली, "त्रास आहेच. पत्त्यांत फसवतात." तेव्हा कळलं की यजमान जहाजावर, वर्षातले बरेच महिने पाण्यावर, आणि घरी या दोघीच. रोज संध्याकाळी पत्त्यांचा डाव मांडून सासूबाई बसलेल्या असत आणि ही पोचायच्या आत हुकमाची पानं आपल्याकडे काढून ठेवत.

सासूबाई चित्रकार. शाळेच्या पुस्तकांत पानाच्या शिरा, फुलाचा उभा छेद, पक्ष्याचा पंख अशी चित्रं असतात ना? ज्यांच्याखाली कुणाचंही नाव नसतं? ती त्यांनी आयुष्यभर काढली. आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेत पाहिली असतील आणि त्यांना मिशा काढल्या असतील.

मग सासूबाई म्हणायला लागल्या, "माझा कप अर्धाच भर." सूनबाईला वाटलं, डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितलाय. मग पाहुण्यांसमोर जेवायला बसेनात. मग प्रकाशकाकडून चित्रं परत आली, रेषा स्वच्छ नाहीत म्हणून. तेव्हा हिच्या ध्यानात आलं, की त्यांचा हात थरथरतोय. डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार मागे फिरत नाही. सावकाश चालेल एवढंच आपण बघायचं.

सूनबाई रडली नाही असं मी म्हणणार नाही. रडली, माझ्याच टेबलाशी रडली, आणि नाक पुसून म्हणाली, "मला एक कळत नाही. हात थरथरतो, पण त्यांना काय काढायचंय ते तर थरथरत नाही ना?"

हा प्रश्न घेऊन ती घरी गेली. पत्ते बंद झाले. रोज संध्याकाळी सासूबाईंच्या हातात पेन आणि समोर पडदा. सरळ रेघ काढा, गोल काढा, पान काढा. सासूबाई वैतागायच्या. "मला बालवाडीत घातलंय हिने," असं त्यांनी मला फोनवर सांगितल्याचं आठवतंय. पण हिला हळूहळू दिसायला लागलं. सासूबाईंच्या मनातली रेष सावकाश जात होती आणि थरथर तिच्यावर भराभर नाचत होती. दोघींची चाल वेगळी. चाल वेगळी असेल तर त्या वेगळ्या काढता येतात. नाच तेवढा काढून टाकला की खाली राहते ती सासूबाईंची रेष.

सोपं वाटतं ना ऐकायला? त्यात तिच्या किती संध्याकाळी गेल्या ते मी मोजलं नाही. शेवटी ते जमलं. रेष पेनाच्या जरा मागून यायची, पण स्वच्छ यायची. सासूबाईंनी पहिलं चित्र काढलं ते समोर ठेवलेल्या आपल्याच चष्म्याचं. काढून झाल्यावर बराच वेळ बघत राहिल्या. सूनबाईने विचारलं, "काय झालं आई? चुकलं का?" त्या म्हणाल्या, "चुकलंय. डावी काडी लांब झाली. डावीकडची रेघ माझी पहिल्यापासून लांबते. माझे मास्तर ओरडायचे त्यावरून." आणि मग त्यांनी हिचा हात धरला. ही म्हणते, त्या वेळी कुणाचा हात जास्त थरथरत होता ते सांगता येणार नाही.

संचालक साहेब, आपण त्या वेळी मोठं मन दाखवलंत. हे काम तिने घरी केलं होतं, तरी आपल्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही ते घेतलंत. कोपऱ्यात एक छोटं बटण. नाव द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी सुचवलं, 'स्थिर हात'. सासूबाईंनी ते फोनवरच उडवून लावलं. "हात स्थिर कुठे झालाय? खोटं कशाला लिहायचं? थरथर आहेच. तुम्ही ती वजा करताय." म्हणून मग 'थरथर वजा'. माझ्या सगळ्या नोकरीत लिहिलेल्या शब्दांपैकी हे दोन बरे, आणि ते माझे नाहीत.

ते बटण शोधून काढणारे लोक होते. अर्धांगवायूनंतर डाव्या हाताने लिहायला शिकलेले एक गणिताचे शिक्षक होते, ते त्यावर वर्तुळं काढून मुलांना शिकवायचे. असे बरेच. पण ही माणसं गप्पच असतात. चालतंय तोवर ती कशाला लिहितील आपल्याला?

सासूबाईंना पुन्हा काम मिळालं. एवढंच नाही, त्यांनी स्वतःचं पुस्तक करायला घेतलं, पहिल्यांदाच स्वतःच्या नावाचं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येणारे पक्षी. चिमण्या, कबुतरं, साळुंक्या, आणि एक कावळा, ज्याला एकच पाय होता. प्रत्येक पक्षी रोजच्या ओळखीतला. "हा नाही, तो मानेवर पांढरं असलेला," असं त्या बोलायच्या.

आता मला परिषदेकडे यावं लागतं. माइकराव, तुम्ही हसताय, बरं वाटलं. आणखी थोडा वेळ हसा.

आपल्या वार्षिक परिषदेबद्दल या सभागृहात मी काय सांगावं? दिवे मंद होतात, संगीत वाढतं, डिझायनर आणि डेव्हलपर मंडळी फोन वर धरून उभी राहतात, आणि माइकराव एकेक घोषणा करतात. एका फायलीवर सगळ्या चमूने एकदम काम करायची सोय, फोटोतून रंग उचलणारं साधन, बोलून मांडणी बदलायची युक्ती. प्रत्येक घोषणेला टाळ्या. त्या वर्षीची मोठी घोषणा होती 'पूर्णचित्र'. तुम्ही चार रेषा मारायच्या, तुम्हाला काय काढायचंय ते सॉफ्टवेअरने ओळखायचं आणि चित्र पुरं करून द्यायचं. साधन हुशार आहे, यात वाद नाही. आपल्याच मुलांनी रात्रंदिवस खपून ते केलं. पण पेनाखालची सगळी व्यवस्था त्यासाठी बदलली, आणि नव्या आवृत्तीत 'थरथर वजा' राहणार नव्हतं.

बैठकीत सूनबाईने विषय काढला. मी तिच्या शेजारी होते. ती म्हणाली, "हे बटण गेलं तर त्या लोकांनी काय करायचं?"

माइकराव म्हणाले, "अहो, आता वजा करायचंय कशाला? हात थरथरला काय, न थरथरला काय, चित्र पुरं होणारच! उलट तुमच्या सासूबाईंनाच बोलावू ना स्टेजवर. आजी चार रेषा काढतील आणि पडद्यावर चित्र उभं राहील. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

ते मनापासून बोलत होते. त्यात वाईट हेतू नव्हता, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते.

घरी जाऊन हिने सासूबाईंना विचारलं. गर्दीत जायला त्या तयार होतील असं हिला वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "तुझ्या हापिसचं काम आहे ना? मग येते."

ही म्हणाली, "आई, ते सॉफ्टवेअर मनाने थोडी भर घालतं हां."

"घालू दे की भर. मी काढलेलं ठेवतं ना?"

यावर हिने काय उत्तर दिलं, ते मी तिला कधी विचारलं नाही.

त्या दिवशी मी स्टेजच्या मागे, पडद्याच्या फटीशी उभी होते. सासूबाई इस्त्रीचे कपडे, निळा स्वेटर घालून आल्या. केस नीट बसवलेले. माइकरावांनी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. सभागृह तुडुंब. त्यांच्या समोरचा छोटा पडदा मागच्या भिंतीएवढ्या पडद्यावर दिसत होता. त्यांनी पेन धरलं आणि पहिली वाकडीतिकडी रेघ तिथे उमटली, तशी सगळं सभागृह शांत झालं. त्यांनी पाठ काढली, चोच काढली, डोक्याचा उतार काढला. मला कळलं, त्या खिडकीतला कावळा काढतायत.

आणि चौथ्या रेषेला 'पूर्णचित्र' जागं झालं. क्षणात पडद्यावर कावळा उभा राहिला. काळाभोर, तकतकीत, पंखावर निळसर झाक, पायाखाली फांदी, फांदीला पानं. टाळ्यांनी छत उडेल असं वाटलं. लोक उभे राहिले.

सासूबाईंनी मान वर करून मोठ्या पडद्याकडे पाहिलं. मग खाली वाकल्या, आणि पेन उलटं धरून त्यांनी कावळ्याचा एक पाय खोडला.

सॉफ्टवेअरने तो पुन्हा काढला.

त्यांनी पुन्हा खोडला. पुन्हा पाय आला, या वेळी नखांसकट. लोकांना वाटलं आजी गंमत करतायत. हशा पिकला. त्यांनी तिसऱ्यांदा खोडला तेव्हा लोक शिट्ट्या मारायला लागले. त्या माइकरावांकडे वळून म्हणाल्या, "अहो, याला एकच पाय आहे."

माइकराव म्हणाले, "आजी, आमचं सॉफ्टवेअर मोठ्या मनाचं आहे. त्याने दुसरा पाय भेट दिला!"

तो हशा तुम्ही सगळ्यांनी ऐकला असेल. ती चित्रफीत अजून फिरते आहे. चित्रफितीत पुढचं नाही. पुढे सासूबाईंनी पेन टेबलावर ठेवलं. ठेवताना हात थरथरत होता, त्यामुळे पेन टेबलावर टकटक वाजत राहिलं. आणि त्या म्हणाल्या, "हे मी काढलेलं नाही." त्या वेळी माइक त्यांच्यापुढे नव्हता. संगीत सुरू झालं होतं. पुढची घोषणा होती.

मागे आल्यावर माइकरावांनी स्वतः पाण्याचा ग्लास आणून दिला. अर्धाच भरलेला. कुणी सांगितलं होतं त्यांना, माहीत नाही. सूनबाई खाली बघत बसली होती. सासूबाई तिला म्हणाल्या, "तू कशाला तोंड पाडून बसलीस? लोकांना आवडलं की." टॅक्सीत मी त्यांच्याबरोबर होते. सगळ्या वाटेत त्यांनी दोन्ही हात पिशवीखाली धरून ठेवले होते. फक्त एकदा म्हणाल्या, "काढता येत नाही हे मला माहीत होतं गं. पण मी काय बघितलं, तेही आता दुसराच कुणीतरी सांगणार?"

पुढचं थोडक्यात सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडंच आहे. नवी आवृत्ती आली. जुनी घरच्या संगणकावर काही दिवस चालली, मग उघडेनाशी झाली. 'थरथर वजा' मला द्या, मी ते घरी चालू ठेवीन, असं सूनबाईने रीतसर मागितलं. ते संस्थेच्या मालकीचं आहे असं उत्तर आलं. उत्तर नियमाला धरून होतं. संचालक साहेब, तुम्ही तिला खोलीत बोलावून वाईट वाटल्याचं सांगितलंत, तेही खरं होतं. तेच पुन्हा नव्याने लिहिता आलं असतं, पण नोकरीच्या करारात तसलं काम बाहेर करायला बंदी आहे, आणि नोकरी सोडल्यावरही काही काळ ती राहते.

दरम्यान ते बटण वापरणारी गप्प माणसं बोलायला लागली. रोज कुणी ना कुणी विचारायचं, बटण कुठे गेलं? आणि त्यांना उत्तरं द्यायचं काम कुणाकडे आलं? जिने ते केलं तिच्याकडेच. उत्तर ठरवून दिलेलं होतं. 'आपली गरज आता पूर्णचित्र अधिक चांगल्या प्रकारे भागवते.' खाली तिचं नाव. गणिताच्या शिक्षकांनी उलट लिहिलं, "बाई, मी मुद्दाम चुकीचा त्रिकोण काढतो, मुलांना चूक दाखवायला. हे पूर्णचित्र तो दुरुस्त करून टाकतं." त्यांनाही तेच उत्तर गेलं. ते पाठवून ती जागेवरून उठली, आणि सहा वाजले नव्हते.

राजीनामा दिला तेव्हा मी तिच्यावर चिडले, हे आज सगळ्यांसमोर सांगते. म्हटलं, "तुला बाहेर ते लिहिता येणार नाही. सासूबाईंच्या हातात आता पेनही राहत नाही. मग कुणासाठी सोडतेस?" "रविवारी घरी ये," एवढंच म्हणाली.

रविवारी मी गेले. दुपारची वेळ. सासूबाईंचा आजार खूप पुढे गेलाय. खुर्चीत उशांच्या आधाराने बसवतात, आणि दृष्टीही अधू झाली आहे. पुस्तकाची अर्धी पानं कोरी आहेत. उरलेले पक्षी 'पूर्णचित्र'वर करून घेऊ, असं प्रकाशक म्हणाले होते. सासूबाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आता पुस्तक निघणार नाही.

तरीही खिडकीशी टेबल होतं आणि टेबलावर कागद. साधा कागद. सूनबाई हातात पेन्सिल घेऊन बसली होती. आपल्या सूनबाईला चित्र अजिबात येत नाही, हे तिच्या वाढदिवसाच्या कार्डांवरून आपल्याला माहीत आहेच. बाहेर साळुंकी बसलेली. सासूबाई सांगत होत्या, ही काढत होती.

"मान खाली घे. आणखी खाली. काहीतरी खातेय ती, नमस्कार नाही करत."

"अशी?"

"ही साळुंकी आहे की चप्पल?"

"आई, मला येत नाही हो."

"दिसतंय मला. पुढचं पान घे."

मी तासभर बसले. एकही चित्र धड झालं नाही. दोघी भांडत होत्या. आणि हिने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

निघताना सूनबाई दारापर्यंत आली. म्हणाली, "सहाला निघून घरी पोचते तोवर अंधार झालेला असतो. दिव्यात त्यांना दिसत नाही. खिडकीही काळी झालेली असते. दिवसा घरी असणं, एवढंच मला आता त्यांच्यासाठी करता येतं. किती दिवस, ते डॉक्टर सांगत नाहीत."

मी चपला घातल्या आणि तिला आत पाठवलं.

अध्यक्ष महाराज, मी थांबते. बोलायला संधी दिल्याबद्दल आपले, संयोजकांचे आणि एवढा वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. माइकराव, तुमचे विशेष आभार. तुम्ही मधूनच उठून गेला नाहीत. कुणाला काही लागलं असेल, निरोपाच्या सभेत बोलू नये ते मी बोलले असेन, तर बटणावर शब्द लिहिणारी बाई सुटली म्हणून पोटात घाला.

कार्यक्रमपत्रिकेत अजून दोन भाषणं आणि चहा आहे. पण सकाळी मी सासूबाईंना फोन केला, समारंभाला येता का विचारायला. नाही म्हणाल्या. पुन्हा स्टेज बघायचं नाही म्हणाल्या. मग विचारलं, इथे काही निरोप सांगू का? त्या म्हणाल्या, "सांग, भाषणं आवरा. आज ऊन चांगलं पडलंय. पाचपर्यंत खिडकीत उजेड राहील."

आता चार वाजून गेलेत. वक्त्यांची क्षमा मागून विनंती करते, की आपण चहा नंतर घेऊ. सूनबाई, तो गुच्छ इथेच ठेव, मी आणीन. तू जा.